पऱ्हाटीतून साखर: पूर्वप्रक्रिया कशी करायची आणि हिशेब कसा मांडायचा

दरवर्षी एप्रिलच्या सुमारास कुणीतरी विद्यार्थी प्रकल्पाची वही घेऊन समोर बसतो आणि सांगतो, "सर, ८५ टक्के साखर निघाली." मी एकच विचारतो: कशाच्या ८५ टक्के? बहुतेकदा उत्तर येत नाही. प्रक्रिया केलेल्या मालाच्या ८५ टक्के असं त्याला म्हणायचं असतं. पण प्रक्रिया करताना निम्मा माल मोरीत वाहून गेलेला असतो आणि तो कुणी मोजलेला नसतो.

म्हणून हा लेख दोन गोष्टींचा आहे. पिकाच्या काडीकचऱ्यातून (पुढे जिचं इथेनॉल करता येतं ती) साखर सुटावी म्हणून आधी काय करायचं, हे एक. आणि जे केलं ते खरंच फळाला आलं का, हे कागदावर कसं पडताळायचं, हे दुसरं. उदाहरण कपाशीच्या पऱ्हाटीचं, म्हणजे कापूस वेचून झाल्यावर शेतात उरणाऱ्या काड्यांचं घेतलंय. पद्धत महाविद्यालयाच्या किंवा डिस्टिलरीच्या साध्या प्रयोगशाळेत बसेल अशी आहे. ऑटोक्लेव्ह, ओव्हन, शेकर आणि कलरीमीटर असला की काम होतं.

पऱ्हाटीच का?

कडबा, सोयाबीनचं आणि तुरीचं कुटार, गव्हाचा भुसा हे सगळं गुरांच्या तोंडचं आहे. उसाचं चिपाड कारखान्याच्या बॉयलरला लागतं. पऱ्हाटीला मात्र जनावर तोंड लावत नाही. थोडी चुलीला जाते, बाकीची धुऱ्यावर रचून पेटवली जाते. गुलाबी बोंडअळीमुळे तर ती शेतात ठेवूच नका, असं कृषी खातं सांगतं, कारण उरलेल्या किडक्या बोंडांत अळी पुढच्या हंगामापर्यंत तग धरते. मुंबईच्या सिरकॉट या कापूस तंत्रज्ञान संस्थेनं पऱ्हाटीपासून पार्टिकल बोर्ड करायचं तंत्र विकसित केलं आहे, म्हणजे माल निरुपयोगी नाही हे उघड आहे.

अडचण तिच्या लाकूडपणाची आहे. वनस्पतीच्या पेशीभित्तिकेत सेल्युलोज, हेमिसेल्युलोज आणि लिग्निन असे तीन मुख्य घटक असतात. सेल्युलोज म्हणजे ग्लुकोजचीच लांब साखळी, आपल्याला हवी ती. हेमिसेल्युलोजमध्ये मुख्यतः झायलोज ही पाच कार्बनची साखर असते. लिग्निनमध्ये साखर नाहीच. ते या दोघांना चिकटून बसतं, सेल्युलोज तोडून ग्लुकोज करणाऱ्या एन्झाइमला आत शिरू देत नाही आणि वर एन्झाइमला स्वतःवर धरूनही ठेवतं. भाताच्या पेंढ्यापेक्षा पऱ्हाटीत लिग्निन बरंच जास्त असतं, म्हणून पेंढ्यासाठीची कृती तिला जशीच्या तशी लागू पडत नाही.

ही बांधणी सैल करणं म्हणजे पूर्वप्रक्रिया. शब्द जड वाटला तरी गोष्ट शेतकऱ्याला नवी नाही. १०० किलो पेंढ्यावर ४ किलो युरियाचं द्रावण शिंपडून, दाबून, झाकून २१ दिवस ठेवायचं आणि मग गुरांना घालायचं, ही तीच गोष्ट आहे. युरियातून सुटणारा अमोनिया बंध ढिले करतो आणि गाईच्या पोटातल्या जिवाणूंचं काम सोपं होतं. आपण गाईऐवजी फ्लास्क वापरणार आहोत, इतकाच फरक.

आम्ल की अल्कली?

सौम्य सल्फ्युरिक आम्ल हेमिसेल्युलोज विरघळवतं, लिग्निन जवळपास जागच्या जागी राहतं. कॉस्टिक सोडा लिग्निन आणि हेमिसेल्युलोज यांच्यामधले एस्टर बंध तोडतो, लिग्निनचा मोठा भाग काढतो आणि सेल्युलोज फुगवतो. २००७ मध्ये नॉर्थ कॅरोलिना स्टेट विद्यापीठाच्या संशोधकांनी पऱ्हाटीवरच ही तुलना प्रसिद्ध केली. दोन्ही द्रावणं २ टक्क्यांची, तापमान १२१ अंश सेल्सिअस, वेळ ९० मिनिटं. आम्लानं ९५ टक्के झायलान (हेमिसेल्युलोजमधली झायलोजची साखळी) काढलं, पण नंतर एन्झाइमनं फक्त सुमारे २४ टक्के सेल्युलोजचं ग्लुकोज झालं. कॉस्टिकनं ६५ टक्क्यांच्या आसपास लिग्निन काढलं आणि सेल्युलोजचं रूपांतर जवळपास ६१ टक्क्यांवर गेलं. ऑटोक्लेव्हच्या तापमानाला पऱ्हाटीसाठी कॉस्टिकच घ्यावा, हे यावरून ठरतं.

मोठ्या प्रकल्पांत आम्ल १५० अंशांच्या वर वापरतात, किंवा १८० ते २२० अंशांची वाफ काही मिनिटं देऊन दाब एकदम सोडतात. तिथलं गणित वेगळं. ते आपल्या ऑटोक्लेव्हमध्ये होणारं काम नव्हे.

माल तयार करणं

उपटलेल्या पऱ्हाटीच्या मुळाशी काळ्या मातीचं ढेकूळ असतं. मूळ छाटून टाका, उरलेली बोंडं, नख्या आणि पानं झटका, काड्या एकदा पाण्यानं खंगाळा आणि उन्हात चार-पाच दिवस वाळू द्या. माती राहिली तर राखेचं प्रमाण फुगतं आणि पुढचा प्रत्येक आकडा बिघडतो.

मग कोयत्यानं बोटभर तुकडे आणि नंतर ग्राइंडर. इथं पऱ्हाटी आपला स्वभाव दाखवते. आतलं लाकूड तडतडत भुगा होतं, पण साल दळली जात नाही. तिचे धागे निघतात, पात्याभोवती गुंडाळतात आणि चाळणीवर कापसासारखे पुंजके होऊन बसतात. बरेच जण हे पुंजके फेकून फक्त भुगा घेतात. तसं केलं तर तुम्ही पऱ्हाटीवर नाही, नुसत्या लाकडावर प्रयोग करता आहात. पुंजके कात्रीनं बारीक कापून पुन्हा दळा. चाळणीवर जे राहील त्याचं वजन वहीत लिहा.

२० मेशमधून (इंचाला २० भोकं असलेल्या चाळणीतून) जाणारा आणि ८० मेशवर राहणारा भाग घ्या. त्याहून बारीक दळण्यात अर्थ नाही. वीज जळते, धुताना भुकटी कापडातून निघून जाते आणि फायदा कॉस्टिकपुढे किरकोळ असतो.

सगळा माल एकत्र कालवून हवाबंद डब्यात भरा आणि त्यातून दोन-तीन ग्रॅमचे तीन नमुने १०५ अंशांच्या ओव्हनमध्ये वजन स्थिर होईपर्यंत, साधारण रात्रभर, ठेवून ओलावा काढा. उन्हात खडखडीत वाळलेल्या काडीतही ७ ते १० टक्के पाणी असतंच. इथून पुढे 'वजन' म्हणजे कोरडं वजन. ओलावा ८ टक्के असेल तर १० ग्रॅम कोरड्या मालासाठी १०.८७ ग्रॅम मोजायचे.

मूळ मालातलं सेल्युलोज

ही पायरी टाळली जाते, आणि '८५ टक्के कशाचे' हा प्रश्न इथंच जन्माला येतो. रूढ पद्धत दोन टप्प्यांची आहे. आधी पाणी आणि अल्कोहोलनं सॉक्सलेटमध्ये विरघळणारे पदार्थ काढून टाका. उरलेल्या मालातले ०.३ ग्रॅम घ्या, ३ मिलिलिटर ७२ टक्के सल्फ्युरिक आम्लात ३० अंशांना एक तास ढवळत ठेवा. मग ८४ मिलिलिटर पाणी घालून आम्ल ४ टक्क्यांवर आणा आणि झाकण घट्ट लावून १२१ अंशांना एक तास ऑटोक्लेव्ह करा. न विरघळलेला भाग गाळून वाळवला आणि त्यातली राख वजा केली की लिग्निन मिळतं. द्रावणातलं ग्लुकोज गुणिले ०.९० म्हणजे सेल्युलोज, झायलोज गुणिले ०.८८ म्हणजे झायलान. साखळी तुटताना प्रत्येक दुव्याला पाण्याचा एक रेणू जोडला जातो, म्हणून हे गुणक.

ज्यांच्याकडे एचपीएलसी (द्रावणातल्या साखरा वेगळ्या करून मोजणारं यंत्र) नाही त्यांनी जवळच्या विद्यापीठातून हे एकदा करून आणावं. पुढं सहा महिने हा एकच आकडा कामी येतो.

कॉस्टिकचा टप्पा

आधी भांड्याबद्दल. काचेचं किंवा स्टेनलेस स्टीलचंच घ्या. आमच्याकडे एकदा ऑटोक्लेव्ह बंद पडला होता, तेव्हा एका उत्साही मुलानं घरून अ‍ॅल्युमिनियमचा कुकर आणला आणि त्यात कॉस्टिकचं द्रावण ओतलं. दोन मिनिटांत करड्या फेसानं कुकर भरला. अ‍ॅल्युमिनियम कॉस्टिकमध्ये विरघळतं आणि हायड्रोजन सुटतो. झाकण लावून गॅसवर ठेवला असता तर काय झालं असतं, ते सांगायला नको. कुकर मात्र गेला, आणि त्याच्या आईची बोलणी मला खावी लागली.

कॉस्टिकचे दाणे नेहमी पाण्यात टाकायचे, दाण्यांवर पाणी ओतायचं नाही. चष्मा आणि हातमोजे हवेतच. अंगावर उडालं तर लगेच भरपूर वाहत्या पाण्याखाली किमान पंधरा मिनिटं धरायचं.

आता कृती:

१. ५०० मिलिलिटरच्या बोरोसिलिकेट बाटलीत १० ग्रॅम कोरड्या वजनाचा भुगा घ्या.

२. त्यावर २ टक्क्यांचं १०० मिलिलिटर कॉस्टिक द्रावण घाला. भुगा आधी तरंगतो. काचेच्या कांडीनं दाबून अर्धा तास भिजू द्या, नाहीतर मधला भाग कोरडाच शिजतो.

३. झाकण सैल ठेवून १२१ अंशांना ६० मिनिटं ठेवा. वेळ तापमान गाठल्यावर मोजायची.

४. दाब शून्यावर आला तरी घाई करू नका. गरम कॉस्टिक हलवलं की उसळतं. ६० अंशांच्या खाली येऊ द्या.

बाटली उघडली की घट्ट, कोऱ्या काळ्या चहासारखं द्रावण दिसतं आणि ओल्या लाकडाचा उग्र वास येतो. रंग जितका गडद तितकं लिग्निन निघालं, असा ढोबळ अंदाज बांधता येतो, पण त्यावर विसंबू नका. सालीतले टॅनिनही तोच रंग देतात.

सुरुवातीला १, २ आणि ३ टक्के कॉस्टिक आणि ३०, ६०, ९० मिनिटं अशा नऊ बाटल्या करा. सोबत दहावी बाटली नुसत्या पाण्याची हवी. ती नसेल तर उष्णतेनं किती झालं आणि कॉस्टिकनं किती, हे कळणार नाही.

धुणं: सगळ्यात जास्त चोरी इथं होते

दुहेरी मलमलीतून गाळा, पिळा, गरम डिस्टिल्ड पाण्यानं पुन्हा पुन्हा धुवा. हातमोज्यातल्या बोटांना लगदा बुळबुळीत लागतो आहे तोवर कॉस्टिक आहे असं समजा. नुसत्या पाण्यानं पीएच ८ च्या खाली यायला फार वेळ लागतो. शेवटच्या दोन पाण्यांत अगदी सौम्य सायट्रिक आम्ल घातलं तर काम आटोपतं, शिवाय पुढचा बफर (पीएच स्थिर ठेवणारं द्रावण) सायट्रेटचाच आहे. पीएच ५ ते ६ च्या दरम्यान आणून थांबा.

कापडातून काय निसटतं ते पाहायचं असेल तर पहिलं धुवण एका उंच सिलिंडरमध्ये तासभर ठेवा. तळाशी फिकट थर बसतो. ते तुमचं सेल्युलोज आहे. तो थर सेंट्रिफ्यूज करून परत मिसळा.

दोन सूचना ठळकपणे. पहिली, हा लगदा ओव्हनमध्ये वाळवू नका. वाळताना सेल्युलोजमधली सूक्ष्म छिद्रं मिटतात आणि पुन्हा भिजवली तरी पूर्ण उघडत नाहीत, म्हणजे केलेली अर्धी मेहनत परत जाते. ओलाच फ्रिजमध्ये ठेवा, आठवड्यात वापरा. दुसरी, ओलावा मोजण्यासाठी मात्र त्यातले दोन ग्रॅम वाळवा आणि एकूण ओलं वजन लिहून ठेवा. हेच दोन आकडे पुढच्या हिशेबाचा पाया आहेत.

काळं द्रावण बेसिनमध्ये ओतू नका. आम्ल घालून पीएच २ पर्यंत उतरवलं की लिग्निन तपकिरी चोथ्यासारखं खाली बसतं. ते गाळून घ्या आणि उरलेलं पाणी उदासीन करून मगच सोडा.

एन्झाइम

समजा, १० ग्रॅम मालातून २८ ग्रॅम ओला लगदा मिळाला आणि त्यात २४ टक्के घन भाग आहे. म्हणजे कोरडा ६.७२ ग्रॅम. १ ग्रॅम कोरड्या मालासाठी ४.१७ ग्रॅम लगदा घ्यावा लागेल, आणि त्यासोबत ३.१७ मिलिलिटर पाणी आपसूक येईल. हे पाणी विसरलं की सगळी तीव्रता चुकते.

१०० मिलिलिटरच्या फ्लास्कमध्ये ४.१७ ग्रॅम लगदा, ४.८ पीएचचा ०.१ मोलर सायट्रेट बफर १० मिलिलिटर, २ टक्के सोडियम अझाइड ०.२ मिलिलिटर, एन्झाइम, आणि एकूण द्रव २० मिलिलिटर होईल इतकं पाणी. अझाइड जंतू वाढू नयेत म्हणून घालतात. ते विषारी आहे. आम्लात मिसळू नका, नळात ओतू नका. याच द्रावणाचं पुढे यीस्टनं किण्वन करायचं असेल तर अझाइड चालणारच नाही, ते यीस्टलाही मारतं.

एन्झाइमची मात्रा मिलिलिटरमध्ये नाही, फिल्टर पेपर युनिटमध्ये ठरवायची, म्हणजे एन्झाइम फिल्टर पेपरचं सेल्युलोज किती तोडतं त्या मापात. दर ग्रॅमला १५ युनिट ही सुरुवात ठीक आहे. बाटलीवरचा आकडा प्रमाण मानू नका, वर्षभर पडून असलेल्या बाटलीची ताकद उतरलेली असते. ५० मिलिग्रॅमची फिल्टर पेपरची पट्टी घेऊन एकदा स्वतः मोजा. मोजणीत दर मिलिलिटरला १०० युनिट निघाले तर आपल्याला ०.१५ मिलिलिटर पुरेल.

शेकरवर ५० अंश, मिनिटाला १५० फेरे, ७२ तास. ०, ६, २४, ४८ आणि ७२ तासांना ०.२ मिलिलिटर नमुना काढा, उकळत्या पाण्यात दहा मिनिटं धरून एन्झाइम थांबवा, सेंट्रिफ्यूज करून वरचं पाणी घ्या.

दोन कोरे फ्लास्क विसरू नका. एकात माल आहे, एन्झाइम नाही. दुसऱ्यात एन्झाइम आहे, माल नाही. बाजारी एन्झाइममध्ये स्वतःचीच बरीच साखर असते. ती वजा न केल्यामुळे फुगलेले आकडे मी कितीतरी पाहिलेत.

साखर मोजायला डीएनएस (डायनायट्रोसॅलिसिलिक आम्लाची) पद्धत सगळीकडे आहे: अभिकर्मक घालून पाच मिनिटं उकळायचं, ५४० नॅनोमीटरला वाचायचं. प्रमाण आलेख बफरमध्येच काढा, नमुना २० पट पातळ करा. पण डीएनएसला ग्लुकोज आणि झायलोज यातला फरक कळत नाही. त्याचा आकडा 'एकूण क्षपणक शर्करा' म्हणूनच लिहावा. नुसतं ग्लुकोज हवं असेल तर रक्तातली साखर तपासायचं पॅथॉलॉजीवाल्यांचं ग्लुकोज ऑक्सिडेज किट वापरा. स्वस्त आहे आणि झायलोजला दाद देत नाही.

आता हिशेब

७२ तासांनी ग्लुकोज दर मिलिलिटरला २२ मिलिग्रॅम आलं असं धरू. २० मिलिलिटरमध्ये ०.४४ ग्रॅम. म्हणजे १ ग्रॅम लगद्यातून ०.४४, तर ६.७२ ग्रॅममधून २.९६ ग्रॅम.

मूळ पऱ्हाटीत ३८ टक्के सेल्युलोज असेल तर १० ग्रॅममध्ये ३.८ ग्रॅम. त्यातून जास्तीत जास्त ३.८ × १.११ (म्हणजे १ ÷ ०.९०) = ४.२२ ग्रॅम ग्लुकोज मिळू शकतं. आपल्याला २.९६ मिळालं, म्हणजे ७० टक्के. लगद्यात ५४ टक्के सेल्युलोज असेल तर लगद्याच्या हिशेबानं हेच ७३ टक्के दिसतं. फरक फारसा नाही, कारण सेल्युलोज जपलं गेलं.

आता जास्त कडक शिजवलेली दुसरी बाटली. लगदा उरला ४.८ ग्रॅम, त्यात ६० टक्के सेल्युलोज, एन्झाइमनं ८५ टक्के रूपांतर. वहीत हा आकडा झळकतो. पण ४.८ × ०.६० × १.११ × ०.८५ म्हणजे २.७२ ग्रॅम. मूळ मालाच्या मानानं ६४ टक्के. कॉस्टिक जास्त, वीज जास्त, साखर कमी! अल्कली साखळीच्या टोकाकडून एकेक दुवा सोडवत जाते आणि बारीक कण कापडातून जातात. हा तोटा ८५ टक्क्यांमागे लपतो.

म्हणून तक्त्यात तीन रकाने हवेतच: घन भाग किती उरला, सेल्युलोज किती उरलं, आणि १०० ग्रॅम मूळ कोरड्या मालामागे ग्लुकोज किती ग्रॅम. निवड तिसऱ्या रकान्यावरून करायची.

कारखान्याशी तुलना करायची तर ताळमेळ असा. १० ग्रॅमला २.९६ म्हणजे टनाला २९६ किलो ग्लुकोज. किण्वन ९० टक्के झालं तर सुमारे १७० लिटर इथेनॉल. १० ऑगस्ट २०२२ ला सुरू झालेल्या इंडियन ऑइलच्या पानिपत प्रकल्पाचं तंत्रज्ञान पुण्याच्या प्राज इंडस्ट्रीजचं आहे. वर्षाला २ लाख टन पेंढ्यातून ३ कोटी लिटर, म्हणजे टनाला १५० लिटर, हे तिथलं उद्दिष्ट. आपला आकडा त्याहून वर दिसतो म्हणून हुरळून जाऊ नका. आपण १० ग्रॅमला २ ग्रॅम कॉस्टिक वापरलाय. टनाला तो २०० किलो होतो, धुण्याचं पाणी वेगळंच. कॉस्टिक परत मिळवण्याची सोय नसेल तर हे कुणालाच परवडणार नाही.

दुसरी अडचण पातळपणाची. दर मिलिलिटरला २२ मिलिग्रॅम ग्लुकोजमधून जेमतेम १ टक्का इथेनॉल होतं. ऊर्ध्वपातन परवडायला ते ४ टक्क्यांच्या वर हवं. त्यासाठी घन भाग ५ वरून १५-२० टक्क्यांवर न्यायला लागतो, आणि एवढा लगदा एकदम टाकला तर फ्लास्कमध्ये द्रव दिसतच नाही, ओल्या भुशासारखा गोळा नुसता एका कडेला बसून राहतो. तेव्हा तीन हप्त्यांत टाका. पहिला हप्ता सगळ्या एन्झाइमसकट सकाळी, दुसरा संध्याकाळी, म्हणजे पहिला पातळ झाल्यावर. दुसऱ्या दिवशी फ्लास्क तिरपा करून पाहा. लगदा काचेवरून सावकाश, आंबील ओतावी तसा ओघळला तर तिसरा हप्ता घाला, नाहीतर आणखी चार तास थांबा.